माती कोणी वाचायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन रंग मानले जात, पांढरी आणि काळी. घरे उभी राहतात ती पांढरी, पीक उभे राहते ती काळी. पण नांदेड-लातूरकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, तो या एका काळीतच दहा प्रकार सांगेल. भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, बरड, चुनखडीची, चोपण, खारवट, गाळाची. ही नावे कुठल्या प्रयोगशाळेने दिलेली नाहीत. औत कसे चालते, पाऊस उघडल्यावर वापसा किती दिवसांनी येतो, उन्हाळ्यात भेगा किती रुंद पडतात, ढेकूळ हाताने फुटते की कुऱ्हाडीच्या तुंब्याने फोडावे लागते, यावरून ती पडली. माती वाचण्याची ही एक विद्याच होती, आणि ती शेत कसणाऱ्याच्या हातात होती.

आज त्याच घरातल्या तरुणाला विचारले की, बाबा, तुझ्या जमिनीची तब्येत कशी आहे, तर तो म्हणतो, "तपासून आणावी लागेल." म्हणजे वाचणारा आता दुसरा कोणीतरी आहे. हे कसे झाले, आणि एका गोल कागदाच्या साहाय्याने ती विद्या थोडीफार घरी परत आणता येईल का, हा आजचा विषय. या कागदाला इंग्रजीत सॉइल क्रोमॅटोग्राफी म्हणतात. आपण त्याला मातीचे रंगचित्र म्हणू.

शेतकऱ्याबाहेरच्या माणसाने आपल्या मुलखातली माती पद्धतशीरपणे वाचली, ती महसुलासाठी. १८३५ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. त्यांची प्रतबंदी मोठी चिकित्सक होती. जमीन खणून मातीची खोली हाताच्या मापाने मोजायची. पावणेदोन हात खोल, एकसारखी बारीक पोताची काळी माती सोळा आण्यांची. खोली कमी झाली की आणे उतरायचे. त्यातून दोष वजा व्हायचे. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे, वाहत्या पाण्याखाली सापडणे, प्रत्येक दोषासाठी ठरावीक खूण. शेताचे भाग पाडून त्या खुणा नकाशात भरल्या जात. मातीचे आपल्याकडचे हे पहिले चित्रच म्हणायचे. फक्त ते सरकारी दप्तरात राहायचे आणि त्यावरून शेतकऱ्याचा सारा ठरायचा.

नांदेड आणि आजचा लातूर हा भाग तेव्हा निझामाच्या राज्यात होता. पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८७० च्या दशकात, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर तिथेही मोजणी आणि प्रतबंदी सुरू झाली. म्हणजे मराठवाड्यातली माती कागदावर उतरली तीसुद्धा जमाबंदीच्या निमित्तानेच.

याच सुमारास मातीकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक माणूस पुण्यात होता. महात्मा जोतीराव फुले. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या पुस्तकात त्यांनी एक साधी पण खोल गोष्ट मांडली. डोंगरातला पालापाचोळा, मेलेले किडेमुंग्या, जनावरांचे शेणमूत पावसाबरोबर शेतात येत असे आणि जमीन आपोआप खतावत असे. जंगलखात्याने डोंगर बंद केले, गुरांची चराई बंद झाली, आणि ही आवक थांबली. मातीचा कस म्हणजे तिच्यात सतत येत राहणारे सेंद्रिय द्रव्य, हे त्यांनी ओळखले होते. ते धुपून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत, हा त्यांचा आग्रह होता.

तिकडे युरोपात रसायनशास्त्र माती वाचू लागले होते. १८४० साली जर्मनीतल्या युस्टुस फॉन लीबिग यांनी सांगितले की, वनस्पती कुजलेली माती खात नाहीत, त्या मातीतली खनिज क्षार घेतात. हे बरोबर होते आणि त्यातूनच पुढे रासायनिक खतांचा धंदा उभा राहिला. पण त्यामुळे ह्यूमस, म्हणजे कुजून तयार झालेला काळसर सेंद्रिय अंश, बराच काळ मागच्या बाकावर गेला. १८८९ च्या अखेरीस जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे कृषिरसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती पाहायला आले. त्यांचा अहवाल १८९३ साली निघाला. इथल्या शेतकऱ्याच्या कौशल्याची त्यांनी तारीफ केली आणि एक दुखणे नेमके दाखवले. सरपण मिळत नाही म्हणून शेणाच्या गोवऱ्या होतात, आणि जे शेतात जायचे ते चुलीत जाते.

पुढे हा सेंद्रिय अंश मोजायची सोपी रीतही निघाली. १९३४ साली वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी ती दिली. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून केलेली ही तपासणी आपल्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माती परीक्षणाच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' म्हणून जो आकडा असतो, तो बहुधा याच रीतीने काढलेला. अर्ध्या टक्क्याच्या खाली असला तर कमी, पाऊण टक्क्याच्या वर असला तर जास्त, असा देशातला ढोबळ हिशोब आहे.

स्वतंत्र भारतात १९५५-५६ मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक मदतीने माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांचे जाळे सुरू झाले. मराठवाड्यासाठी १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ निघाले. मग १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथून मृदा आरोग्य पत्रिका योजना देशभर सुरू झाली. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, असे बारा आकडे त्या कार्डावर असतात. योजना चांगली होती आणि आहे. पण ती सुरू झाली तेव्हाचा नमुने घेण्याचा नियम पाहा. बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! मराठवाड्यातला बहुतेक शेतकरी पाच एकराच्या आतबाहेरचा. म्हणजे पंचवीस एकरांत चार-पाच जणांची शेते आली, आणि कार्ड सगळ्यांना एका मातीचे. वरच्या अंगाला मुरूम आणि नाल्याकाठी पुरुषभर काळी, अशी आपली जमीन. तिथे हा आकडा माझ्याच शेताचा आहे हे मी कशावरून समजू?

इथे त्या गोल कागदाची गोष्ट सुरू होते. तुम्ही शाळेत असताना खडूवर शाईचा ठिपका देऊन तो खडू पाण्यात उभा केला असेल. पाणी वर चढते आणि काळ्या शाईतून निळा, जांभळा, तांबडा असे रंग सुटे होतात. हीच क्रोमॅटोग्राफी. तिचा एक पूर्वज फ्रीडलीब रुंगे नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. कॉफीतले कॅफीन प्रथम वेगळे काढले ते याने. १८५० च्या सुमारास त्याने टिपकागदावर वेगवेगळ्या क्षारांचे थेंब सोडले आणि त्यातून आपोआप उमटणारी कड्याकड्यांची रंगीत चित्रे पुस्तकरूपाने छापली. रसायनेच आपले चित्र काढतात, हे त्याला दिसले होते. पण या खेळाचे शास्त्र केले रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी. १९०३ साली वॉर्सा इथल्या व्याख्यानात त्यांनी पानांतली रंगद्रव्ये खडूच्या भुकटीच्या नळीतून वेगळी करण्याची रीत मांडली आणि १९०६ मध्ये तिला नाव दिले. गंमत अशी की, रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचाच अर्थ रंग!

हा कागद मातीकडे वळवला एहरेनफ्रीड फायफर (१८९९ ते १९६१) यांनी. हे जर्मनीत जन्मलेले रसायनतज्ज्ञ पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे कंपोस्ट खतावर काम करू लागले. शहराच्या कचऱ्याचे खत करताना त्यांच्यापुढे प्रश्न होता की, हे खत नीट मुरले आहे की नुसतेच काळे पडले आहे, हे झटपट कसे ओळखायचे? लिली कोलिस्को नावाच्या बाई १९२० च्या दशकापासून टिपकागद आणि सिल्व्हर नायट्रेट घेऊन वनस्पतींच्या रसांवर प्रयोग करत होत्या. फायफर यांनी १९५० च्या दशकात त्याच साहित्यातून माती आणि खतासाठी गोल कागदाची रीत बसवली. हे दोघेही रुडॉल्फ स्टायनर यांच्या जैवगतिक शेतीच्या पंथातले. त्या पंथाच्या सूक्ष्म शक्तींविषयीच्या कल्पना विज्ञानाला मान्य नाहीत. कागदावरचे रसायन मात्र कोणालाही करून पाहता येते, त्यासाठी पंथात जावे लागत नाही. पुढे लॅटिन अमेरिकेत कोलंबियाचे हायरो रेस्त्रेपो आणि ब्राझीलचे सेबास्तियाँव पिन्येरो यांनी ही रीत शेतकऱ्यांच्या शिबिरांतून शिकवली. २०११ साली त्यांचे यावरचे पुस्तक निघाले आणि तिथल्या गावोगावी हे कागद दिसू लागले.

आता रीत सांगतो. लागणारे सामान मोजके आहे. पंधरा सेंटिमीटर व्यासाचे गोल गाळणकागद, व्हॉटमन एक किंवा चार नंबरचे. कॉस्टिक सोडा, सिल्व्हर नायट्रेट आणि डिस्टिल्ड पाणी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी चालणार नाही, कारण त्यातल्या मिठाने सिल्व्हर नायट्रेट दुधाळ होते. शेतातल्या पाच-सहा ठिकाणची, वरच्या पंधरा सेंटिमीटर थरातली माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा, बारीक करून चाळा. त्यातली पाच ग्रॅम माती पन्नास मिलिलिटर पाण्यात टाका. या पाण्यात एक टक्का कॉस्टिक सोडा, म्हणजे पन्नास मिलिलिटरला अर्धा ग्रॅम, आधी विरघळवलेला हवा. लगेच एकदा, पाव तासाने एकदा आणि तासाने एकदा हलवा. मग सहा तास निवू द्या. वरचे तांबूस-काळसर पाणी म्हणजे मातीचा अर्क. सोड्यामुळे ह्यूमस त्यात उतरलेला असतो.

कागदाच्या मधोमध बारीक भोक पाडा. मध्यापासून चार आणि सहा सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करा. गाळणकागदाच्याच तुकड्याची सुरळी करून ती वातीसारखी भोकात बसवा. अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण छोट्या बशीत घेऊन त्यावर कागद असा ठेवा की वात द्रावणात बुडेल. द्रावण वातीतून चढते आणि गोल पसरते. चार सेंटिमीटरची खूण आली की कागद उचला, वात काढा, आणि तो पूर्ण अंधारात वाळवा. मग नवी वात घालून तसाच मातीचा अर्क सहा सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत चढवा. वाळल्यावर कागद उन्हात न ठेवता घरातल्या साध्या उजेडात आठ-दहा दिवस ठेवा. चित्र हळूहळू उमटत जाते. जुन्या फोटोंच्या कागदात चांदीचे क्षार असत आणि उजेडाने ते काळे पडत. इथेही तेच घडते. मातीतली सेंद्रिय द्रव्ये आणि उजेड मिळून त्या क्षारातली चांदी मोकळी करतात, त्यातून तपकिरी, जांभळट छटा येतात.

एक इशारा. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजतो, सिल्व्हर नायट्रेटचे डाग हातावरून कित्येक दिवस जात नाहीत. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, मुलांना एकटे सोडायचे नाही. उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ टाकले की चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. तो साका वेगळा बाटलीत ठेवा, विहिरीत किंवा शेतात ओतू नका. जवळच्या शाळा-महाविद्यालयातल्या रसायनाच्या शिक्षकांना सोबत घेतले तर उत्तमच.

चित्र कसे वाचायचे? हे कागद करणारे लोक चार पट्टे पाहतात. मधला हवेशीरपणाचा, त्याबाहेरचा खनिजांचा, मग सेंद्रिय द्रव्याचा आणि शेवटी कडेचा, सूक्ष्मजीवांच्या कामाचा. त्यांच्या मते चांगल्या मातीत हे पट्टे एकमेकांत मिसळत जातात, मधून पिसासारख्या रेषा बाहेर पसरतात, आणि कडेला ढगासारखे तपकिरी ठिपके उठतात. थकलेल्या मातीत पट्टे वेगळे, रेषा तुटक आणि कडा सपाट असते. मुरलेल्या शेणखताचा कागद एकदा करून शेजारी ठेवला की फरक नवख्यालाही दिसतो.

पण कागदावर विश्वास किती ठेवायचा? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात अशा चित्रांची प्रयोगशाळेच्या आकड्यांशी तुलना केली गेली. चित्रातली काही लक्षणे आणि मातीतले सेंद्रिय द्रव्य यांचा काही संबंध आढळला. तरीही हे वाचन बरेचसे नजरेवर अवलंबून आहे. आणि या कागदावरून खताचा डोस काढता येत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. जस्त किती, लोह किती, स्फुरद किती, हे तो सांगत नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत सोयाबीनची पाने पिवळी पडतात ती अनेकदा लोहाच्या कमतरतेने. ते ओळखायला प्रयोगशाळाच हवी. कागद पाहून जमीन सुधारली असे सांगून कोणी औषधाची बाटली विकू लागला, तर त्यालाही चार हात लांब ठेवा.

मग उपयोग काय? उपयोग तुलनेचा. आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे की, माती काळी म्हणजे कसदार. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा काळेपणा मुख्यतः बेसॉल्ट खडकाच्या खनिजांतून आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसमधून येतो. सेंद्रिय कर्ब पुष्कळ कमी झाला तरी माती काळीच दिसते. म्हणजे डोळ्यांची जुनी खूण इथे फसवते. शेणखत कमी झाले, दुष्काळांत गोठे रिकामे झाले, उसाचे पाचट आणि पऱ्हाट्या पेटवल्या गेल्या, तरी जमीन वरून काळीभोर! ती आतून कशी आहे हे दिसायला काहीतरी साधन हवे. कागद ते साधन होऊ शकतो.

एकाच शेतातले तीन नमुने घ्या. बांधावरच्या झाडाखालची, कधीही न नांगरलेली माती. शेताच्या मध्यातली माती. आणि जिथे पाचट कुजवले किंवा शेणखत टाकले त्या तुकड्यातली माती. तिन्ही एकाच दिवशी, एकाच रीतीने करा. प्रत्येकाचे दोन-तीन कागद काढा, म्हणजे हातचुकीचा फरक कोणता आणि मातीचा कोणता हे कळेल. दरवर्षी मे महिन्यात, पेरणीआधी, पुन्हा तेच करा. शेजारच्या तालुक्यातल्या चित्राशी तुलना करू नका. देगलूर-बिलोलीकडे खाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे, लातूरच्या मांजरा काठाला बेसॉल्टची खोल काळी आहे, किनवटच्या डोंगरात हलकी जमीन आहे. प्रत्येकीचे चित्र वेगळे येणारच. तुमची स्पर्धा तुमच्याच गेल्या वर्षीच्या कागदाशी.

महाराष्ट्राला हे नवे नाही. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४ ते २००१) यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच विचारावर. शेतकऱ्याने आपल्या शेतात स्वतः प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावी, यातून विज्ञान पुढे जाते. द्राक्षबागायतदारांच्या कितीतरी गटांनी हे करून दाखवले. ते बागायतीत झाले. कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या मुलखात त्याची गरज उलट अधिक आहे, कारण इथे खतावरचा एक फुकट खर्च आणि पावसाचा एक खंड मिळून वर्ष बुडवतात. सेंद्रिय अंश असलेली माती पावसाचे पाणी जास्त धरते, आणि पावसाच्या खंडात पीक तग धरते ते त्या ओलीवर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले. ते शहराच्या नळाचे पाणी होते. शेताला कोणी रेल्वेने पाणी आणणार नाही.

दीडशे वर्षांपूर्वी माती वाचली ती सारा ठरवायला. नंतर वाचली ती खताची मात्रा ठरवायला. दोन्ही वेळा वाचणारा बाहेरचा होता आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त निकाल आला. प्रयोगशाळेचा अहवाल जरूर घ्या, दोन-तीन वर्षांनी स्वतःच्या शेताचा नमुना स्वतः नेऊन द्या. पण त्याच्या जोडीला घरचा कागदही करा. त्यावर शेताचा गट नंबर, तारीख आणि त्या वर्षी जमिनीत काय घातले ते पेन्सिलीने लिहा, आणि काळ्या कागदात गुंडाळून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. सातबारा जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. त्या नावाच्या माणसाने ती कशी सांभाळली, याची नोंद आजवर कुठेच नव्हती. ती आता त्याच पिशवीत राहील, आणि पुढच्या पिढीला उघडून पाहता येईल.